एका सकाळची काजळी

हेनबांत हे घर एका रात्रीत बांधलं, याबद्दल वेल्समधल्या कुमदीच्या खोऱ्यात कुणाला कधी शंका आली नाही. शंका यायला घराकडं बघावं लागतं, आणि जन्मल्यापासून डोळ्यांसमोर असलेल्या घराकडं बघायला कुणाला वेळ असतो?

गोष्ट अशी सांगायचे. आता त्या घरात राहणाऱ्या म्हाताऱ्या तेग्वेनचा खापरपणजोबा शेन्किन. जमीनदारानं घराबाहेर काढलेला, बायकोपोरांना घेऊन माळावर आलेला. जुना कायदा असा, की सूर्य मावळल्यावर माळावर घर बांधायला घ्यायचं, आणि सूर्य उगवताना धुराड्यातून धूर निघाला तर ते घर आपलं. मग दारात उभं राहून कुऱ्हाड फेकायची, ती पडेल तिथवर जमीन आपली. हा कायदा कुठल्या पुस्तकात लिहिलाय, असं मात्र विचारू नये. इंग्रजांच्या पुस्तकात सापडत नाही म्हणजे तो खरा असणार, एवढा पुरावा आमच्या खोऱ्याला पुरतो.

तर त्या रात्री सगळं खोरं शेन्किनच्या मदतीला धावलं. सकाळी धूर निघाला. जमीनदाराचा कारभारी घोड्यावरून आला, धूर बघून दातओठ खात परत गेला. दगड वाहणाऱ्यांत गिरणीवाल्या गोरॉन्वीचा पूर्वज होता, चॅपेलवाल्या नेस्टाचा होता, टपालवाल्याचा होता. जी कुटुंबं पुढं कधीतरी बस पकडून खोऱ्यात राहायला आली त्यांचेही होते. एवढी माणसं खरंच आली असती तर त्या रात्रीत कॅथीड्रल उभं राहिलं असतं, आणि वर घंटा टांगून झाली असती.

या सगळ्याला पुरावा म्हणजे काजळी. हेनबांतच्या माळ्यावर, छपराच्या अगदी पोटात, एक जाडजूड तुळई आहे. तिच्यावर काळी काजळी. शेन्किनच्या पहिल्या सकाळच्या धुराची. दर वर्षी मेच्या पहिल्या तारखेला खोऱ्यातली पोरं शिडीवरून वर न्यायची, प्रत्येकाचं बोट त्या काजळीला लावायचं, आणि काळं बोट घेऊन खाली आलं की मनुकांच्या पावाचा तुकडा मिळायचा. तेग्वेननं लहानपणी बोट लावलं होतं. आता पन्नाशीला आलेल्या माणसांची बोटं त्यांच्या लहानपणी तिनं धरून लावलेली होती. आणि काजळी संपत नव्हती, यातही कुणाला काही खटकलं नाही.

तेग्वेन एकटीच राहायची. लग्न केलं नाही. विचारायला आलेला एक जण दारातून आत येताना चौकटीला डोकं आपटून बसला आणि पुन्हा फिरकला नाही. ‘‘उंच होता,’’ एवढंच ती सांगायची. आमच्याकडं आडनावाला कुणी विचारत नाही, कारण अर्ध्या खोऱ्याचं एकच आहे. माणूस ओळखायचा घरावरून. ती तेग्वेन हेनबांत. तिचा बाप हेनबांत, आजा हेनबांत.

आणि आता हेनबांत कोसळायला आलं होतं.

छपराच्या दगडी पाट्या घसरत होत्या. आत पाऊस पडला की तेग्वेन पातेली मांडायची, आणि वेल्समधे ‘पाऊस पडला की’ म्हणजे काय, ती पातेली कधी उचलायचीच नाहीत. त्या हिवाळ्यात धुराड्याजवळचा एक मोठा वाकडा खांब कुरकुरायला लागला. गवंड्यानं येऊन बघितलं, खांबाला हात न लावता मागं सरला आणि म्हणाला, ‘‘पुढचा हिवाळा निघायचा नाही.’’

समुद्राकाठच्या गावात तेग्वेनची भाची आयर्लिस होती. तिच्या बंगल्यात आत्यासाठी एक खोली तयार होती. खोलीला गुलाबी पडदे होते. तेग्वेन ती खोली एकदा बघून आली होती, आणि त्यानंतर तिनं मरणाची कल्पना केली की मरण गुलाबी दिसायचं. तिथं गेली की ती कुणाची हेनबांत राहणार नव्हती. आयर्लिसची आत्या, कडेच्या बंगल्यातली, बस्स.

म्हणून तिनं कार्डिफच्या सरकारी कचेरीला लिहिलं. घर जुनं असेल तर सरकार छप्पर दुरुस्त करून देतं, असं तिनं रेडिओवर ऐकलं होतं. उत्तर आलं, की गुरुवारी साहेब बघायला येतील. टपालवाल्यानं ते पत्र तिच्या हातात द्यायच्या आधी वाटेत चार घरी तोंडी पोचवलं. आमच्याकडं टपाल फार चोख आहे.

बुधवारी सकाळी दारात नेस्टा. हातात बादली, डोक्याला फडकं, आणि मागं चॅपेलमधल्या सगळ्या बायका, जणू लढाईवर निघाल्यात.

‘‘काय गं?’’ तेग्वेन म्हणाली. ‘‘कोण मेलं?’’

‘‘अजून कुणी नाही. पण उद्या तो कार्डिफचा माणूस तुझी जळमटं बघेल तेव्हा आम्ही शरमेनं मरू. सरक.’’

‘‘नेस्टा, तो छप्पर बघायला येतोय. जळमटंच छप्पर धरून आहेत.’’

‘‘तेच म्हणतेय मी. शिडी कुठाय?’’

आता चॅपेलच्या बायकांसमोर कोण उभं राहणार? परका माणूस घरात येणार म्हटलं की घर घासून काढायचं, मग तो माणूस कर्ज द्यायला येऊ दे नाहीतर जप्ती करायला. त्यांनी तेग्वेनला नेस्टाच्या घरी चहा प्यायला पाठवलं आणि हेनबांतमधे चुन्याच्या बादल्या ओतल्या. संध्याकाळी ती परत आली तर घर आतून अंड्याच्या कवचासारखं. भिंती पांढऱ्या, खांब पांढरे, वासे पांढरे, माळा पांढरा. एक कोळी तेवढा जिवंत राहिला होता, तोही पांढरा.

तेग्वेन शिडीकडं धावली. ‘‘ती तुळई? काजळी?’’

‘‘अगं, आम्ही काय मूर्ख आहोत?’’ नेस्टा दुखावली. ‘‘पहिल्या सकाळला आम्ही चुना लावू? सोडलीय तेवढी जागा.’’

सोडली होती खरी. बरोब्बर प्रार्थनेच्या पुस्तकाएवढी. भोवती चुन्यानं सरळ रेघ मारून, चौकट करून. फोटो लावावा तशी.

गुरुवारी साहेब आला. छोटी गाडी, बारीक मिशा, बगलेत फाइल. नाव रिदियन. आला तो चक्क आपल्या वेल्श भाषेत बोलला, त्यामुळं सगळ्यांची थोडी निराशाच झाली. साहेब इंग्रजीत बोलेल आणि आपल्याला अपमान वाटून घेता येईल, अशी तयारी करून लोक आले होते. लोक म्हणजे बरेच आले होते. तेग्वेनला आधार म्हणून. चहा होता, पाव होता, आणि गोरॉन्वी गिरणीवाला खुर्ची विस्तवाजवळ ओढून साक्ष द्यायला बसला होता.

रिदियननं दारातून आत पाऊल टाकलं, चौकटीला डोकं आपटलं, आणि वर बघितलं. त्याचं तोंड उघडंच राहिलं.

‘‘हे… हे कुणी केलं?’’

‘‘काल केलं,’’ नेस्टा लाजत म्हणाली. ‘‘मेहनतीचं काही नाही. पाहुण्यासाठी करावंच लागतं.’’

‘‘सगळं? वासेसुद्धा?’’

‘‘वाशांना दोन हात.’’

त्यानं डोळे मिटले. बायकांना वाटलं, प्रार्थना करतोय. चांगल्या घरचा दिसतोय.

‘‘साहेब, घराचा इतिहास मी सांगतो,’’ गोरॉन्वीनं सुरुवात केली. ‘‘हे घर एका रात्रीत बांधलंय. माझ्या खापरपणजोबानं स्वतः…’’

‘‘एका रात्रीत?’’ रिदियन त्या वाकड्या खांबाकडं गेला. हे खांब म्हणजे ओकचं एक आख्खं वाकडं झाड उभं चिरून दोन भाग केलेले, समोरासमोर जमिनीतून निघालेले, वर आढ्यापाशी एकमेकांना डोकं टेकलेले. अशा जोड्यांवर सगळं घर उभं. त्यानं खिशातून चाकू काढला आणि वरच्या कमानीवरचा चुना हळूच खरवडला. खालून तीन पाकळ्यांची नक्षी निघाली. ‘‘आणि ही नक्षी? ही पण त्याच रात्रीत?’’



‘‘हात चांगला होता त्याचा,’’ गोरॉन्वी म्हणाला.

‘‘अंधारात?’’

‘‘चांदणं असेल.’’

रिदियननं वाद घातला नाही. शिडी चढून माळ्यावर गेला. मागोमाग तेग्वेन गेली; या वयात शिडी चढू नये असं आयर्लिस म्हणायची, म्हणून मुद्दाम. त्यानं बॅटरी मारली आणि ती चौकट दिसली. काळी, जाड, चकचकीत. त्यानं नखानं टोकरलं. नख आत गेलं तरी काजळीच.

‘‘बाई, ही काजळी कसली?’’

‘‘माझ्या खापरपणजोबाच्या, शेन्किनच्या, पहिल्या सकाळच्या धुराची.’’

‘‘एका सकाळची?’’

‘‘एका सकाळची.’’

‘‘काय जाळलं होतं त्यांनी? जहाज?’’

त्या प्रश्नात काहीतरी तथ्य आहे हे तेग्वेनला कळत होतं, आणि तो प्रश्न तिला सगळ्या आयुष्यात एकदाही पडला नाही, हे जास्त लागलं. एवढ्या पोरांची बोटं धरली तिनं.

तो तुळईखाली बसला आणि हळू आवाजात बोलायला लागला, जसं डॉक्टर बोलतात. ‘‘हे बघा. धुराडं खाली, त्या टोकाला आहे. त्याचा धूर इथवर येईलच कसा? ही काजळी धुराडं नव्हतं तेव्हाची आहे. खोलीच्या मधोमध जमिनीवर जाळ असायचा, धूर वर चढायचा आणि पाट्यांच्या फटींतून जमेल तसा बाहेर पडायचा. हा माळासुद्धा नव्हता. खालून थेट आढ्यापर्यंत मोकळं. पिढ्यान्‌पिढ्या धूर खाल्लाय या लाकडानं. तुमचा तो शेन्किन जन्मायच्या कितीतरी आधी.’’

‘‘म्हणजे घर जुनं आहे.’’

‘‘फार जुनं. बाई, असं घर मी वर्षानुवर्षं शोधतोय. याला छप्पर मिळणार. मी भांडून मिळवीन.’’

तेग्वेनच्या डोळ्यांसमोरून गुलाबी पडदे एकदम सरकले. तिला त्या पोराचा मुका घ्यावासा वाटला. पण तो पुढं बोलला.

‘‘आणि नक्षी बघता, मोठ्या माणसाचं घर असणार. जमीनदाराचं. तुमचा पलंग आहे ना, त्या टोकाला उंच ओटा असायचा. तिथं मालक जेवायला बसायचा. बाकीचे खाली, धुरात.’’

हे बोलताना त्याचा आवाज आनंदानं चढला होता, आणि माळ्याच्या फळ्यांना फटी होत्या. खाली कपबश्यांचा आवाज बंद झाला.

ती दोघं शिडी उतरून आली तेव्हा सगळे तेग्वेनकडं बघत होते. आमच्या खोऱ्यात चोर माफ आहे, दारुड्या माफ आहे, रविवारी कपडे वाळत घालणारीलाही दोन पिढ्यांनी माफ करतात. पण जमीनदार नाही.

‘‘म्हणजे तेग्वेन,’’ नेस्टा म्हणाली, ‘‘तुम्ही त्यांच्यातले?’’

‘‘कुणाच्यातले? मला पातेल्यात पाऊस झेलताना बघत आलीस ना तू?’’

‘‘नाही, मी आपलं विचारलं. ओट्यावर बसायचे म्हणे.’’

‘‘आणि माझा खापरपणजोबा?’’ गोरॉन्वी उठला. ‘‘तो त्या रात्री काय वाहत होता? तो काय फिरायला आला होता इथं? दगड वाहिले म्हणून त्याची कंबर गेली. आमच्या घराण्यात सगळ्यांना कंबर आहे!’’

‘‘कंबर सगळ्यांनाच असते, गोरॉन्वी,’’ टपालवाला म्हणाला.

‘‘दुखणारी म्हणतोय मी!’’

यावर कुणी हसलं नाही. त्यांचं दुखणं खोटं नव्हतं. खोऱ्यातल्या लोकांनी आजवर एकच गोष्ट एकत्र केली होती, ती म्हणजे ही. बाकी सगळं भांडणात गेलं: चॅपेलचे दोन तुकडे झाले, गायनमंडळाचे तीन. ती एक रात्र सगळ्यांची होती, आणि हा बारीक मिशांचा माणूस ती चाकूनं खरवडून काढत होता. आणि तेग्वेनला त्याच माणसाची गरज होती.

रिदियनला यातलं काही कळत नव्हतं. तो आपल्या आनंदात धुराड्यापाशी पोचला होता. हे धुराडं म्हणजे प्रचंड. आत दोन बाकडी मांडून चार माणसं शेकत बसावीत एवढं. त्यानं भिंतीशी जिथं ते मिळतं तिथं हात घातला तर हात आरपार आत गेला.

‘‘भिंतीला धरलेलंच नाही हे,’’ तो स्वतःशीच पुटपुटला. ‘‘मागाहून घुसवलंय. चुना नाही, नुसती माती. दगड बघा! एकासारखा दुसरा नाही. ओढ्यातला आहे, बांधावरचा आहे, हा तर जात्याचा तुकडा दिसतोय. कुणी बांधलं असेल? एक तर प्यायलेला असणार, नाहीतर काळोखात बांधलं असणार.’’

तेग्वेन वळली. ‘‘काय म्हणालास?’’ आतापर्यंत ती त्याला अहोजाहो करत होती.

‘‘म्हटलं, काळोखात… आणि घाईत. फार घाईत.’’

‘‘त्या जुन्या मालकाच्या घराला धुराडं नव्हतं.’’

‘‘नव्हतं.’’

‘‘मालक सोडून गेला तर घराचं काय होतं?’’

‘‘गोठा होतो,’’ रिदियन म्हणाला. ‘‘बहुतेक वेळा होतो तसंच. जमीनदार दुसरीकडं मोठं घर बांधतो, जुन्यात गुरं बांधतात. पुढं गुरंही…’’ तो थांबला. बोलता बोलता त्याच्याही डोक्यात उजेड पडला असावा.

‘‘शेन्किनकडं घर बांधायला एक रात्र होती,’’ तेग्वेन सावकाश म्हणाली. ‘‘भिंती उभ्या होत्या. छप्पर होतं. नव्हतं ते धुराडं. आणि सकाळी धूर धुराड्यातून निघायला पाहिजे, असा कायदा.’’

सगळे त्या वेड्यावाकड्या ढिगाऱ्याकडं बघायला लागले. जन्मात पहिल्यांदा.

‘‘म्हणूनच एवढं मोठं आहे,’’ टपालवाला म्हणाला. ‘‘ज्यानं त्यानं दगड आणला. नको कुणाला म्हणणार?’’

‘‘जात्याचा तुकडा!’’ गोरॉन्वी ओरडला. ‘‘गिरणीवाल्याशिवाय जातं कुणाकडं असणार? तो आमचा! बोललो नव्हतो मी?’’ आणि त्यानं त्या दगडाला हात लावला. डोळ्यांत पाणी बिणी आलं त्याच्या. आमच्याकडं माणसं बायकोच्या अंत्ययात्रेत रडत नाहीत, पण दगडाचं निराळं.

‘‘गोठ्यात राहिले म्हणजे,’’ नेस्टाला आता पूर्ण समाधान वाटत होतं. ‘‘मग तुम्ही जमीनदार नाही, तेग्वेन. गुरांच्या जागेवर आलेले. देव भलं करो.’’

पुन्हा चहा ओतला गेला. रिदियनलाही पावाचा जाड तुकडा मिळाला. त्यानं तो खाऊन घेतला, हे बरं केलं, कारण पुढचं वाक्य बोलल्यावर मिळाला नसता.

‘‘फक्त एक आहे. हे धुराडं पाडावं लागेल.’’

‘‘हे काय म्हणतोय?’’ गोरॉन्वीनं नेस्टाला विचारलं, जणू रिदियन परक्या भाषेत बोलला.

‘‘ते कलंडलंय. सगळा भार त्या ओकच्या खांबावर टाकलाय. तुमचा खांब कुरकुरतो तो यानं. आधी हे उतरवायचं, मग छप्पर. नाहीतर सरकार एक पाटी देणार नाही. आणि दिली तरी उपयोग नाही, दोन्ही मिळून खाली येतील.’’ त्यानं फाइलमधून कागद काढून तेग्वेनपुढं ठेवला. ‘‘इथं सही लागेल.’’

आता बघा गंमत. घडीभरापूर्वी ज्या धुराड्याकडं कुणी ढुंकून बघत नव्हतं, ते आता चॅपेलहून पवित्र झालं होतं.

‘‘जमीनदाराचे खांब वाचवायचे, आणि आपल्या माणसांचे दगड पाडायचे!’’ गोरॉन्वी म्हणाला. ‘‘वा! कार्डिफला हेच शिकवतात का?’’

‘‘तेग्वेन सही करणार नाही,’’ नेस्टानं जाहीर केलं. ‘‘हो ना गं?’’

तेग्वेन कागदाकडं बघत बसली. सही केली तर घर राहणार, पण खोऱ्यात तोंड दाखवायला जागा नाही. नाही केली तर खोरं डोक्यावर घेणार, पुढच्या हिवाळ्यापर्यंत. आणि मग तीच माणसं तिला बसमधे बसवायला येणार, हात हलवणार, ‘‘तत्त्वाची बाई होती’’ म्हणणार. आणि बस गुलाबी पडद्यांपाशी थांबणार.

‘‘गोरॉन्वी,’’ ती म्हणाली, ‘‘शेन्किनला त्या रात्री काय पाहिजे होतं?’’

‘‘म्हणजे? न्याय. हक्क. जमीनदाराला धडा…’’

‘‘डोक्यावर छप्पर पाहिजे होतं त्याला. पोरं भिजत होती. बाकीचं सगळं मागाहून आपण चढवलंय.’’ तिनं रिदियनकडं मान वळवली. ‘‘उतरवायचं म्हणतोस. दगड फेकायचे असं कुठं लिहिलंय?’’

‘‘नाही… दगडांचं काही लिहिलेलं नाही.’’

‘‘पुन्हा बांधलं तर?’’

त्यानं मिशी चावली. ‘‘स्वतःच्या पायावर उभं राहिलं पाहिजे. खांबाला टेकायचं नाही. तेच दगड असतील तर माझी हरकत नाही. पण सरकार बांधून देणार नाही. ते ज्याचं त्यानं.’’

‘‘आधी तरी कुठं सरकारनं बांधलं होतं?’’ तेग्वेननं सही केली. ‘‘आता बघू, कुणाकुणाचा पूर्वज खरंच आला होता ते. नातवंडं येतात का बघते.’’

गोरॉन्वी कप खाली ठेवून निघून गेला. मागोमाग बाकीचेही. नेस्टा सगळ्यात शेवटी गेली, आणि जाताना पुसलेलं टेबल पुन्हा एकदा पुसून गेली. तिचा राग असाच निघतो.

दोन रविवार चॅपेलमधे तेग्वेनच्या बाकावर तिच्याशेजारी कुणी बसलं नाही. ती कोट पसरून ऐसपैस बसली. पण घरी आली की धुराड्यात बसून राहायची, विस्तव न पेटवता.

मे महिन्यात कामगारांनी धुराडं उतरवलं. दगड अंगणात रचले. आणि त्याच दुपारी गोरॉन्वी हातगाडी घेऊन हजर.

‘‘मी बोलायला आलो नाही,’’ तो म्हणाला. ‘‘माझा दगड कुणी उचलून नेऊ नये म्हणून आलोय.’’

‘‘बस मग दगडापाशी. चहा टाकते.’’

संध्याकाळपर्यंत सगळं खोरं अंगणात होतं. प्रत्येकाला आपला दगड ओळखायचा होता. प्रत्येकाला तो ओळखू आलाही, आणि योगायोग असा की प्रत्येकाचा तो सगळ्यांत मोठा होता. गोरॉन्वीला जात्याचा तुकडा पुरेना. त्यानं कोपऱ्यातला एक धोंडाही आपलाच म्हणून ठरवला, जो दोन बैलांना हलला नसता.

‘‘हा एकट्यानं आणला होय तुझ्या खापरपणजोबानं?’’ नेस्टानं विचारलं.

‘‘मग? कंबर उगाच गेली का?’’

कमिटी झाली. कमिटीची पोटकमिटी झाली. जवळच्या खोऱ्यातला गवंडी बोलावला, त्यानं ओळंबा धरला तर लोक खवळले: शेन्किनचं धुराडं वाकडं होतं, हा सरळ का बांधतोय, याला काय इतिहासाची लाज? गवंडी दोनदा रुसून गेला, दोनदा बायका पाव घेऊन त्याला आणायला गेल्या. आजोबांनी जे काम एका रात्रीत केलं त्याला नातवंडांना आख्खा उन्हाळा लागला. अर्थात आजोबांकडं कमिटी नव्हती. पण रोज कुणी ना कुणी येऊन दगड उचलत होतं. तेग्वेन उभ्या जन्मात एवढ्या माणसांसाठी बटाटे सोलत बसली नव्हती. आयर्लिसनं फोन करून विचारलं, पडद्यांचं काय करू? ‘‘परकर शिव,’’ तेग्वेन म्हणाली.

पानं गळायला लागली तेव्हा छप्पर झालं, धुराडं झालं. पहिला धूर काढायला दिवस ठरला. उगवतीलाच पेटवायचं होतं, पण पोटकमिटीत मतभेद झाले म्हणून चहानंतर पेटवायचं ठरलं. रिदियनही आला, दारात वाकला, आणि या वेळी डोकं वाचवलं. तेग्वेनच्या मनात आलं, हा टिकेल.

सगळे अंगणात माना वर करून उभे राहिले. तेग्वेननं आत जाळ केला.

धूर वर गेला, धुराड्याच्या गळ्यापर्यंत पोचला, तिथं त्याला गोरॉन्वीचा धोंडा भेटला. धोंडा बाहेरून दिसला पाहिजे असा गोरॉन्वीचा आग्रह होता, म्हणून तो इतका आडवा बसवला होता, की गळ्यात सशाला जायला जेमतेम वाट राहिली होती. धूर थोडा थबकला, आणि मग घरात परतला. आधी खोलीभर झाला, मग माळ्यावर चढला, मग दारातून, खिडक्यांतून, नव्या पाट्यांच्या फटींतून बाहेर यायला लागला. आतून तेग्वेन खोकत खोकत बाहेर आली, तोंड कोळशासारखं.

‘‘धुराड्यातून काही येतंय का?’’ तिनं विचारलं.

सगळे डोळे ताणून बघत होते. बराच वेळ काही नाही. मग वरच्या टोकाला एक बारीक, केसासारखी रेघ हलली.

‘‘आला!’’ गोरॉन्वी किंचाळला. ‘‘आला, आला! माझ्याच दगडाशेजारून आला!’’

टाळ्या पडल्या. कुणीतरी गायला सुरुवात केली, दुसऱ्यानं सूर चुकला म्हणून त्याला थांबवलं.

धूर निवळल्यावर तेग्वेन रिदियनला घेऊन माळ्यावर गेली. नेस्टाचा सगळा चुना काळवंडला होता. ती काळी चौकट आता कुठं सुरू होते आणि कुठं संपते, सांगता येत नव्हतं. तेग्वेननं पलीकडच्या वाशावर बोट फिरवलं आणि त्याच्या नाकासमोर धरलं. काळंशार.

‘‘अजून काही शतकांनी तुझ्यासारखा कुणी फाइल घेऊन आला, तर काय लिहील रे?’’

रिदियननं बॅटरी फिरवली. ‘‘लिहील, की इथं धुराडं कधी नव्हतंच,’’ तो म्हणाला. ‘‘मधोमध जाळ असायचा. पिढ्यान्‌पिढ्या.’’

‘‘आणि कुणी सांगितलं, एका सकाळची आहे, तर?’’

‘‘तर तो विचारेल, जहाज जाळलं होतं का.’’

तेग्वेन इतकी हसली की तिला खोकल्याची उबळ आली. तेवढ्यात शिडी करकरली आणि खालून नेस्टाचं डोकं वर आलं. डोक्याला फडकं बांधून तयार, हातात बादली.

‘‘सरक,’’ नेस्टा म्हणाली. ‘‘साहेबांसमोर ही काय दशा! दोन हात मारते, लगेच होईल.’’

‘‘एका वाशाला हात लावलास ना,’’ तेग्वेन शिडीच्या तोंडाशी ठाण मांडून बसली, ‘‘तर शिडी काढून घेईन. हो खाली. आणि पोरांना वर पाठव, एकेक करून. बोटं धुवून येऊ देत.’’